पिकअप गाड्या एवढ्या मोठ्या आणि रागीट तोंडाच्या का होत चालल्यात?

हापूसवाला_राजापूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मे महिन्यात आमच्या वाडीत लग्न होतं. पाहुण्यांपैकी एकजण मुंबईहून ती मोठी डबल केबिनची पिकअप घेऊन आलेले, उंच, काळी, पुढची जाळी जवळजवळ माझ्या छातीपर्यंत. गाडी पाखाडीच्या, म्हणजे वाडीतल्या अरुंद वाटेच्या, तोंडाशी लावलेली. जेवणं झाली, ते निघाले, गाडी चालू केली, आणि त्याच वेळी माझी पुतणी, साडेचार वर्षांची, बोनेटच्या अगदी पुढ्यात खाली बसून रातांबे वेचत होती. तिच्या आईने ओटीवरून बघितलं आणि जी काय किंकाळी फोडली ती ऐकून त्यांनी ब्रेक दाबला. पोरीला काही झालं नाही, देवाची कृपा. पण तो माणूस खाली उतरला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते. तो बेफिकीर नव्हता हो, आरशात बघून, हॉर्न मारून निघालेला. त्याला ती दिसलीच नव्हती. मी नंतर त्याच्या सीटवर बसून बघितलं तर मलासुद्धा पुढची जमीन दिसेना, नुसतं बोनेट आणि लांबवरचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण.

तेव्हापासून विचार करतोय की ही गाडी एवढी उंच कशासाठी आहे? मी २० वर्षं आंबा काढतोय. आमचा माल छोट्या हत्तीतून (टाटा एस) आणि साध्या पिकअपमधून जातो, अणुस्कुऱ्याचा घाट चढतो, वाशीला पोचतो. त्या गाड्यांची तोंडं अशी नाहीत. त्या साध्या दिसतात, थोड्या गरीबच दिसतात, पण काम तिप्पट करतात. मग माल कमी नेणारी गाडी जास्त रागीट का दिसते? आणि हे आपल्याकडेच आहे की सगळ्या जगात? गाड्यांच्या लाइनमधलं कुणी असेल तर नीट समजावून सांगा, ऐकीव नको.

मिशिगनचा_मालवणी

दादा, वाचून पोटात गोळा आला. पोर सुखरूप आहे हे महत्त्वाचं.

मी मूळचा मालवणचा, ११ वर्षं मिशिगनमध्ये आहे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका फर्ममध्ये काम करतो. ही सगळी गोष्ट इथूनच सुरू झालीय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कोंबडीपासून होते, खरंच. ६० च्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या लाईट ट्रकवर २५ टक्के जकात लावली. बाकीच्या वस्तूंवरची उठली, ट्रकवरची आजपण आहे. म्हणजे बाहेरच्या छोट्या स्वस्त पिकअपला दार जवळपास बंद. जपानी कंपन्यांनी पळवाटा काढल्या, हौदा वेगळा आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वेगळी आणून इथे जोडायचे, ती वाट १९८० मध्ये बंद झाली. सुबारूने तर ब्रॅट नावाच्या पिकअपच्या हौद्यात दोन सीट बसवून दिल्या, का तर मग ती कागदावर ट्रक न राहता प्रवासी गाडी होते. पण एकूण काय, स्पर्धा नसल्यामुळे डेट्रॉइटच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन, कंपन्यांना पिकअपमध्ये मोकळं रान मिळालं.

दुसरी गोष्ट मायलेजची. १९७३ चं तेलसंकट आलं, मग १९७५ ला कायदा झाला की कंपनीने वर्षभरात विकलेल्या गाड्यांचं सरासरी मायलेज अमुक इतकं हवं. कारसाठी आकडा कडक, १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल, आपल्या हिशोबात लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास. ट्रकसाठी मात्र सैल, कारण त्या वेळी पिकअप म्हणजे शेतकरी, सुतार, प्लंबर यांची गाडी, त्यांना कशाला त्रास द्या. हेतू चांगलाच होता. पण कंपन्यांच्या लक्षात आलं की कार बनवण्यापेक्षा ट्रकच्या चासीवर आलिशान बॉडी टाकून विकली तर नियमही सैल आणि नफाही जास्त. २००६ मध्ये ट्रकचा नियम बदलला आणि मायलेजचा आकडा गाडीच्या चार चाकांमधल्या जागेवर ठरायला लागला. चाकांमधली जागा मोठी असेल तर मायलेज कमी चालेल. आता तुम्हीच सांगा, कंपनी गाडी लहान करेल की मोठी? फोर्डची छोटी रेंजर इथे २०११ ला बंद झाली आणि २०१९ ला परत आली ती बरीच मोठी होऊन.

वर आयकर. ६००० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण २७०० किलोपेक्षा जास्त एकूण वजनाची गाडी धंद्यासाठी घेतली तर मोठी वजावट मिळते. डॉक्टर, वकील, इस्टेट एजंट सगळे जड गाड्या घेतात, त्यांच्या हौद्यात कधी एक विटसुद्धा पडत नाही.

आणि चेहरा. १९९४ ला डॉजने रॅम पिकअप नवीन आणली, तोंड मोठ्या मालट्रकसारखं केलं, मधला भाग उंच आणि दोन्ही बाजूचे मडगार्ड खाली. बऱ्याच लोकांना आवडली नाही, पण ज्यांना आवडली त्यांना प्रचंड आवडली, विक्री दोनच वर्षांत कितीतरी पटींनी वाढली. तिथून सगळ्यांनी धडा घेतला की पिकअपला सुंदर दिसायची गरज नाही, दांडगं दिसायला हवं. मग दर मॉडेलला जाळी दोन इंच उंच, बोनेट दोन इंच उंच, असं करत करत आजची गाडी. कन्झ्युमर रिपोर्ट्स म्हणून इथली ग्राहकांची संस्था आहे, त्यांनी २०२१ ला मोजून सांगितलं की २००० सालापासून पिकअपच्या बोनेटची उंची सरासरी ११ टक्के वाढली, आणि २००० ते २०१८ या काळात वजन २४ टक्के.

कामासाठी लागते म्हणावं तर फोर्डची विजेवरची पिकअप एफ-१५० लायटनिंग बघा, २०२२ ला आली. पुढे इंजिनच नाही! तरी बोनेट तेवढंच उंच, आणि आतल्या रिकाम्या जागेत सामान ठेवायचा कप्पा. त्या एका गाडीने मला सगळं उत्तर दिलं.

पिकअपवाला_०७

माका जा वाटता ता सांगतंय, मगे सगळ्यांका समजूचा म्हणान मराठीत लिवतंय.

मी कणकवलीचा, १४ वर्षं पिकअप चालवतो, आंबा, मासळी, चिरे, पावसात खत आणि भाताचं बियाणं. मला त्या मोठ्या गाड्यांबद्दल राग नाही, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने घ्यावी. पण तिला पिकअप म्हणू नका एवढंच माझं म्हणणं आहे. माझी गाडी सव्वापाच मीटर लांब आहे आणि ती डबल केबिनवालीपण साधारण सव्वापाच मीटरच. पण माझा हौदा नऊ फूट आणि तिचा जेमतेम पाच. बाकीची जागा गेली केबिनमध्ये आणि त्या लांब नाकात. माझ्या हौद्यात आंब्याच्या सत्तर-ऐंशी पेट्या व्यवस्थित रचून दोरी मारता येते. तिच्यात किती बसतील तुम्हीच बघा, आणि भरायचं म्हटलं तर हौद्याची कडा हमालाच्या छातीला येते, पेटी उचलून आत टाकायची म्हणजे खांदा जातो. आमचा फाळका तिन्ही बाजूंनी पडतो, माणूस बाजूने उभा राहून माल घेतो. गाडी उंच केली की पहिला त्रास हमालाला होतो हे डिझाईन करणाऱ्याला कसं कळणार, त्याने कधी पेटी उचललीय?

दुसरं, साईड देणं. आमच्या गावातला रस्ता डांबर धरून तीन मीटर, काही ठिकाणी पावणेचार, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे. छोटा हत्ती दीड मीटर रुंद, दोन हत्ती समोरासमोर आले तर आरसे मिटून, चाक मातीत घालून निघतात. ह्या मोठ्या गाड्या एक मीटर शहाऐंशीच्या आसपास, वरती आरसे वेगळे. दोन समोर आल्या तर एकाने अर्धा किलोमीटर रिव्हर्स घ्यायचाच. आणि अनुभव असा आहे की रिव्हर्स आम्हीच घेतो, माल भरलेला असला तरी. समोरचं तोंड बघूनच माणूस मागे सरतो. त्यांना कुणी काही बोललेलं नसतं, ते पण काही बोललेले नसतात, गाडीचं तोंडच बोलतं. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ह्याच्यातच आहे. लोक तेच तर विकत घेतात.

चिपळूणकर_मेकॅनिकल

पुण्यात गाडीच्या बॉडीच्या डिझाईनमध्ये काम करतो, कंपनीचं नाव सांगत नाही. वरचं बहुतेक पटलं, पण थोडी दुसरी बाजूपण मांडतो, नाहीतर सगळा दोष हौसेवर जाईल.

उंची वाढायला खरी तांत्रिक कारणंपण आहेत. एक म्हणजे धडकेची सुरक्षा. समोरून धडक बसली तर पुढचा भाग चुरगळून ऊर्जा खायला जागा लागते, बीम जाड लागतात. दुसरं, पादचाऱ्यासाठी जे नियम युरोपात २००५ च्या सुमाराला लागू झाले आणि नंतर आपल्याकडेही प्रवासी गाड्यांना आले, त्यात बोनेटचा पत्रा आणि खालचं इंजिन यांच्यात मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणजे माणसाचं डोकं आपटलं तर पत्रा दबेल, थेट लोखंडावर जाणार नाही. त्याने बोनेट थोडं वर जातं. तिसरं, इंजिन थंड ठेवणं, टर्बो डिझेलला इंटरकूलर, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, एकामागे एक, हवा लागते. घाटात माल ओढताना ती लागतेच.

पण, आणि हा पण मोठा आहे, यातून काही सेंटीमीटर येतात. छातीपर्यंतची भिंत येत नाही. मोठ्या जाळीचा बराच भाग आतून बंद असतो, नुसतं प्लास्टिक. काही गाड्यांना तर जाळीमागे झडपा असतात, वेगात त्या आपोआप बंद होतात कारण एवढी हवा नकोच असते. मग जाळी मोठी का? कारण एलईडी आल्यापासून दिवा बोटाएवढा बारीक करता येतो. अमेरिकेत तर १९८३ पर्यंत ठराविक मापाचेच गोल किंवा चौकोनी दिवे लावायची सक्ती होती, सगळ्या गाड्यांचे डोळे सारखे. आता दिवा बारीक करून वर सरकवला की डोळे बारीक केल्यासारखे दिसतात, मधली रिकामी जागा जाळीने भरली की जबडा. माणसाला कुठल्याही गाडीत चेहरा दिसतोच, आमच्या स्टुडिओत सरळ सरळ तोच शब्द वापरतात, हिचा चेहरा कसा हवाय, आणि मार्केटिंगकडून दर वेळी उत्तर येतं, दमदार. मी स्वतः या मीटिंगमध्ये बसलोय आणि माझं मत विचारलं तेव्हा गप्प बसलोय, आज तुमची पोस्ट वाचून त्याचं वाईट वाटतंय.

आपल्याकडचं कारण थोडं वेगळं आहे. इथे २००६ पासून चार मीटरच्या आतल्या गाडीला करात सूट आहे, पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हाही तीच रेषा राहिली, आतल्या गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या मोठीला ४०. आता कर लांबीवर आहे, उंचीवर नाही. मग चार मीटरमध्ये मोठी गाडी दाखवायची तर नाक आखूड आणि उभं करायचं, गाडी वर न्यायची. म्हणून आपल्या छोट्या एसयूव्ही समोरून भिंतीसारख्या दिसतात. आज विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त या प्रकारच्या आहेत, हॅचबॅक मागे पडल्या. पिकअप लोकांच्या अंगणात अजून कमी आहेत, पण चेहरा तिथूनच सगळीकडे आलाय.

एक विनंती सगळ्यांना, पुढे लोखंडी बुलगार्ड लावू नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ लाच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. बंपरला धडक सोसायला जे बनवलंय ते सगळं त्या पाइपमुळे वाया जातं, एअरबॅगचा हिशोब बिघडू शकतो, आणि समोरच्या माणसाचं तर हाडच मोडतं.

बाई_गुहागर

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि स्वतः छोटी एसयूव्ही चालवते, म्हणून दोन्हीकडून लिहिते.

मी उंच गाडी घेतली ती कुणाला घाबरवायला नाही. जुलैत आमच्या मोरीवरून पाणी जातं, रस्त्याला खड्डे, आधीची गाडी खालून घासायची, दोन वेळा चेंबर फुटला. उंच बसलं की पुढचं वळण दिसतं, रात्री एकटी येताना बरं वाटतं. हायवेला मोठ्या ट्रकच्या मध्ये खाली बसून गाडी चालवायची मला भीती वाटायची. हे खरं आहे आणि बऱ्याच बायका हेच सांगतील. तेव्हा उंच गाडी घेणारा प्रत्येकजण मिजासखोर असं धरून चालू नका.

पण पिकअपवाल्या भाऊंचं वाचल्यावर कळलं की माझी भीती कमी झाली ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. रस्त्यावरची दुसरी गाडी मोठी म्हणून मी मोठी घेतली, आता माझी बघून रिक्षावाला घाबरत असणार.

शाळेचं सांगायचं तर सुटायच्या वेळी दारात गाड्यांची रांग असते आणि पहिलीतली मुलं बोनेटच्या पुढून धावत जातात. पहिलीतलं मूल साडेतीन फुटांच्या आसपास. माझी उंची पाच फूट एक इंच, सीट पूर्ण वर घेऊनही मला पुढचं सगळं दिसत नाही. उंच माणसाला जे दिसतं ते बुटक्याला दिसत नाही हे कुणी मोजतं का? मिशिगनच्या भावांना विचारते, तिकडे यावर काही अभ्यास झालाय का?

मिशिगनचा_मालवणी

हो ताई, झालाय. आयआयएचएस म्हणून विमा कंपन्यांनी चालवलेली इथली सुरक्षा संस्था आहे. त्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पादचाऱ्यांना धडक बसल्याच्या जवळपास १८ हजार प्रसंगांचा अभ्यास छापला. ज्या गाडीच्या बोनेटची पुढची कडा ४० इंचांहून उंच आहे, त्या गाडीने ३० इंच किंवा कमी आणि उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा माणूस मरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त. कारण साधं आहे. कमी उंचीची गाडी पायाला लागते, माणूस बोनेटवर पडतो. उंच सपाट तोंड छातीला किंवा डोक्याला लागतं आणि माणूस पुढे खाली जातो, चाकाकडे. लहान मुलाचं तर सांगायलाच नको. इथे २००९ मध्ये वर्षाला ४१०० च्या आसपास पादचारी गेले होते, २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त, १९८१ नंतरचा सगळ्यात वाईट आकडा. सगळं गाड्यांमुळे नाही, रुंद रस्ते, अंधार, फोन, वेग हे सगळं आहे, पण गाड्यांचा हात त्यात आहेच. आणि युरोपात पादचाऱ्यासाठी चाचणी इतकी वर्षं आहे, इथे नियमाचा मसुदाच २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आला.

एक चांगली गोष्टपण सांगतो. फोर्डने २०२१ ला मॅव्हरिक नावाची छोटी हायब्रिड पिकअप काढली, आणि लोकांनी रांगा लावल्या. आणि जपानच्या जुन्या के-ट्रक, ६६० सीसी, ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद, आपल्या छोट्या हत्तीच्या चुलत बहिणी म्हणा, त्या २५ वर्षं जुन्या झाल्या की आयातीला मोकळ्या होतात, म्हणून इथले शेतकरी त्या जपानहून मागवतात. म्हणजे लहान गाडी कुणाला नको असं नाही, ती विकायलाच ठेवली जात नव्हती.

हापूसवाला_राजापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं समजेल असं वाटलं नव्हतं. बाईंनी मोजायचं म्हटलं ते डोक्यात बसलं, म्हणून रविवारी मोजलं. तीन फुटांची वेळूची काठी केली, वरच्या टोकाला लाल फडकं बांधलं, म्हणजे आमची पुतणी उभी राहिली तर एवढीच. शेजारच्या मुलाला काठी धरून बंपरपासून हळूहळू लांब जायला सांगितलं आणि मी सीटवरून फडकं दिसायची वाट बघितली.

छोट्या हत्तीत काठी बंपरला टेकलेली असतानाच फडकं दिसलं. आमच्या जुन्या पिकअपमध्ये दोन-अडीच फूट लांब गेल्यावर. मोठी डबल केबिन गाडी गावात एकाकडे आहे, त्याला विचारून तिथेही बघितलं, चार फुटांच्या थोडं वर. मग माझी बायको त्या सीटवर बसली, तिची उंची बाईंएवढीच, तिला साडेपाच फुटांपर्यंत काहीच दिसलं नाही. आणि ही उभी काठी हां, पोर तर खाली बसलेलं होतं. बसल्या पोराएवढी दीड फुटांची काठी धरली तेव्हा ज्याची गाडी आहे तो स्वतः खाली उतरून बघून गेला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुढे लावायचा कॅमेरा मागवला.

वाडीच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. कुणावर आरोप केला नाही, फक्त काठी दाखवली. ठरलं असं की लग्न, पालखी, गणपती, जेव्हा पाहुणे येतील तेव्हा मोठ्या गाड्या देवळाच्या पटांगणात लावायच्या, पाखाडीत आणायच्या नाहीत. सामान असेल तर आमचा छोटा हत्ती आणून देईल. आणि कुणाचीही गाडी असो, निघताना एका माणसाने पुढे उभं राहून हात दाखवायचा, मगच गाडी हलवायची.

चिपळूणकर, तुम्ही गप्प बसलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण पुढच्या मीटिंगला ही काठी घेऊन जा. वेळू माझ्या परड्यात भरपूर आहे, पाठवून देतो.

चिपळूणकर_मेकॅनिकल

दादा, पाठवा. पत्ता मेसेज करतो. तीन फुटांची एक आणि दीड फुटांची एक, दोन्ही पाठवा.